एका लिटरमधून किती युनिट?

इंजिनाच्या माहितीपत्रकात ताकद आणि टॉर्क यांचे आकडे ठळक छापलेले असतात. त्यांच्याखाली कधीकधी बारीक अक्षरांत एक ओळ सापडते: विशिष्ट इंधन-वापर, २१० ग्रॅम प्रति किलोवॅट-तास. माझ्या मते त्या पानावरची सगळ्यात बोलकी ओळ हीच. इंधनातली किती ऊर्जा इंजिन कामी लावतं आणि किती नुसती उष्णता म्हणून निघून जाते, हे तिच्यावरून कळतं. त्यासाठी एककं तेवढी जुळवून घ्यावी लागतात.

किलोवॅट-तास म्हणजे विजेच्या बिलावरचं एक युनिट, म्हणजेच ३.६ मेगाज्यूल. तेव्हा वरच्या ओळीचा अर्थ असा, की इंजिनाच्या फिरत्या शाफ्टवर एक युनिट काम मिळवायला २१० ग्रॅम डिझेल जाळावं लागतं. एक किलो डिझेल पूर्ण जळलं तर साधारण ४२.७ मेगाज्यूल उष्णता निघते. हे त्याचं उष्मांक मूल्य. २१० ग्रॅममधून निघणार ०.२१ × ४२.७, म्हणजे जवळपास ९ मेगाज्यूल. त्यांतले ३.६ कामी आले. कार्यक्षमता ४० टक्के.

दर वेळी एवढं मांडत बसायची गरज नाही. ३.६ मेगाज्यूलला ४२.७ ने भागलं की ०.०८४ किलो, म्हणजे ८४ ग्रॅम येतात. या ८४ ला माहितीपत्रकातल्या आकड्याने भागा, कार्यक्षमता समोर येते. पेट्रोलचं किलोमागचं उष्मांक मूल्यही ४३ मेगाज्यूलच्या आसपास असल्यामुळे तिथेही हाच ८४ चालतो. २५० ग्रॅमवाल्या पेट्रोल इंजिनाची कार्यक्षमता ३४ टक्क्यांच्या घरात येते, तर जहाजांची अवाढव्य, संथ फिरणारी डिझेल इंजिनं १७० ग्रॅमच्या आसपास पोचतात, म्हणजे जवळपास ५० टक्के. जुन्या अमेरिकी तक्त्यांत हाच आकडा पाउंड प्रति अश्वशक्ती-तास असा दिलेला असतो. त्याला ६०८ ने गुणलं की ग्रॅम प्रति किलोवॅट-तास मिळतात.

मात्र माहितीपत्रकात सहसा इंजिनाला सगळ्यात मानवणाऱ्या भारावरचा आकडा असतो. भार कमी होत गेला की तो वर चढतो. गाडी जागेवर नुसती चालू ठेवली, तर इंधन जळत राहतं आणि काम शून्य. ग्रॅम प्रति किलोवॅट-तास मग अनंत होतात. सिग्नलला इंजिन बंद करण्यामागचं गणित यापेक्षा स्पष्ट सांगता येणार नाही.

आता किलोवरून लिटरवर येऊ, कारण टाकी आपण लिटरच्या हिशेबानेच भरतो आणि गफलत होते तीही इथेच. एक लिटर डिझेलचं वजन सुमारे ०.८४ किलो. म्हणजे २१० ग्रॅम बरोबर पाव लिटर झालं, आणि एका लिटरमधून शाफ्टवर चार युनिट काम मिळालं. त्याच लिटरमधली एकूण उष्णता ३५.९ मेगाज्यूल, म्हणजे जवळजवळ दहा युनिट. दहा आत, चार बाहेर: डिझेलचा हा हिशेब तोंडपाठ करून ठेवावा असा आहे. जनरेटर असेल तर शाफ्टवरच्या चारांतलाही थोडा वाटा वीज तयार होताना जातो.

पेट्रोल हलकं. लिटरमागे ०.७४५ किलोच्या आसपास, म्हणजे ३२ मेगाज्यूल किंवा ८.९ युनिट. किलोला किलो लावून पाहिलं तर दोन्ही इंधनं जवळपास सारखीच, पण लिटरला लिटर लावलं तर डिझेलमध्ये १२ टक्के ऊर्जा जास्त. डिझेल गाडीच्या चांगल्या मायलेजचं सगळं श्रेय इंजिनाला देऊन चालत नाही. त्यातला काही भाग निव्वळ जड लिटरचा असतो. इथेनॉलच्या लिटरमध्ये तर फक्त २१ मेगाज्यूल. पेट्रोलमध्ये ते २० टक्के मिसळलं तर लिटरमागची ऊर्जा सुमारे ७ टक्क्यांनी घटते, आणि इंजिनाची कार्यक्षमता तेवढीच राहिली तर मायलेजही त्याच प्रमाणात.

आणखी एक गोष्ट तपासल्याशिवाय उष्मांक मूल्याला हात लावू नये. इंधनातला हायड्रोजन जळून पाण्याची वाफ होते. तिचं पाणी होताना सुटणारी उष्णता धरली तर वरचं मूल्य मिळतं, सोडली तर खालचं. मिथेनसाठी हे आकडे ५५.५ आणि ५०, शुद्ध हायड्रोजनसाठी १४२ आणि १२० मेगाज्यूल प्रति किलो. इंजिनातून वाफ धुराबरोबर निघून जाते, म्हणून इंजिनाच्या हिशेबात खालचं मूल्य वापरायची रीत आहे. या लेखातही तेच धरलं आहे. काही बॉयलरची कार्यक्षमता १०० टक्क्यांच्या वर छापलेली दिसते, ती याच रीतीमुळे. त्या बॉयलरमध्ये वाफेची उष्णता परत मिळवलेली असते, भागाकार मात्र खालच्या मूल्याने केलेला असतो.

विजेच्या गाडीशी तुलना करताना याहून मोठी चूक होते. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था एक गॅलन पेट्रोल म्हणजे ३३.७ किलोवॅट-तास धरते. अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा, तेव्हा हे आपल्या ८.९ शी जुळतं. (ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा आहे, तो इथे लावू नये.) गणित अचूक आहे, पण पेट्रोलमधली आणि बॅटरीतली युनिटं एकाच जातीची नाहीत. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स ज्यूलने १८४० च्या दशकात वजनं खाली सोडून पाण्यात वल्ही फिरवली, तेव्हा कामाची पूर्ण उष्णता होते हे दाखवलं. उलट दिशेने, इंजिनात उष्णतेचं सगळं काम होत नाही. पेट्रोलमधली युनिटं ही उष्णता आहे. बॅटरीतली युनिटं जवळजवळ तयार काम. वीज इंधन जाळून केली असेल, तर तिच्या वाट्याची तूट वीज केंद्रातच होऊन गेलेली असते.

म्हणून दोन्ही बाजू इंधनापर्यंत मागे न्याव्यात. समजा विजेची गाडी १०० किलोमीटरला १५ युनिट घेते आणि वीज ४० टक्के कार्यक्षमतेच्या केंद्रातून येते. केंद्रात ३७.५ युनिट उष्णता लागली. वाटेतली वहनाची आणि चार्जिंगची तूट धरली तर आणखी थोडी जास्त. लिटरला १५ किलोमीटर जाणारी पेट्रोल गाडी तेवढ्याच अंतरात ६.६७ लिटर, म्हणजे ५९ युनिट उष्णता जाळते. नुसती १५ आणि ५९ शेजारी ठेवली तर फरक चौपट दिसतो. इंधनाला इंधन लावलं की तो दीडपटीच्या आसपास येतो. वीज वाऱ्याची किंवा धरणाच्या पाण्याची असेल, तर मात्र तिच्या बाजूला इंधनाच्या रकान्यात भरण्यासारखं काहीच उरत नाही.