आधी थांबून की कणाकणाने? ब्युप्रेनॉर्फिन सुरू करण्याच्या दोन वाटा

गर्द, म्हणजे रस्त्यावरचं हेरॉइन, सोडू पाहणाऱ्यांच्या घरचे लोक मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात: "ताई, गोळी थोडी थोडी सुरू केली तर टर्की येत नाही म्हणे. आज पाव गोळी देऊन बघू का?" नका देऊ. ही गोळी म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन, हेरॉइनऐवजी देण्याचं औषध; आणि टर्की म्हणजे नशा तुटल्यावर होणारा त्रास. यात दोन वेगवेगळ्या पद्धतींची खिचडी झालेली असते आणि ती भोगावी लागते पेशंटला.

नेहमीची पद्धत बहुतेकांना माहीत आहे. शेवटचं गर्द घेतल्यावर निदान १२ तास थांबायचं, मेथाडोनवर (हेरॉइनऐवजी देतात ते दुसरं औषध) असेल तर १ ते ३ दिवस. टर्की चांगली दिसू लागली की ब्युप्रेनॉर्फिन २ ते ४ मिलिग्रॅम जिभेखाली. ओएसटी केंद्रात, म्हणजे जिथे हेरॉइनऐवजी असं औषध देतात तिथे, गोळी चुरून जिभेखालीच ठेवतात, कारण गिळली तर तिचा फारसा उपयोग होत नाही.

दुसरी पद्धत स्वित्झर्लंडच्या बर्न शहरातली. रॉबर्ट हेमिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली दोन पेशंटची हकिगत प्रसिद्ध केली, तेव्हापासून ती बर्नच्या नावाने ओळखली जाते. सुरुवात ०.२ मिलिग्रॅमपासून, मग दिवसागणिक वाढवत न्यायचं, आणि तोवर जुनं औषध किंवा हेरॉइन बंद करायचं नाही. ब्युप्रेनॉर्फिनचा डोस पुरेसा झाला की मग जुनं थांबवायचं. 'बंद करायचं नाही' हे तीन शब्द कानोकानी पोचताना गळून पडतात आणि उरतं फक्त 'थोडं थोडं'.

खरा फरक डोसच्या आकाराचा नाही, जुनं आधी सोडायचं की नाही याचा आहे. पंख्याचा रेग्युलेटर डोळ्यांपुढे आणा. हेरॉइन मेंदूतला पंखा पाचवर फिरवतं. ब्युप्रेनॉर्फिन अर्धवट काम करणारं औषध, ते दोन-तीनच्या वर नेत नाही, पण त्याची पकड हेरॉइनपेक्षा घट्ट असते. ते आलं की हेरॉइनला जागेवरून हटवतं. पेशंट टर्कीत असेल तर पंखा जवळपास बंदच असतो. तिथून दोनवर आला की जिवात जीव येतो. पण अंगात गर्द भरलेलं असताना तीच गोळी दिली, तर पाचवरून दोनवर एका झटक्यात. एरवी टर्की तासातासाने चढते. ही मात्र बहुधा पहिल्या तासाभरातच अंगावर कोसळते: उलट्या, जुलाब, घाम, अंगाची तगमग. एकदा हे भोगलेला माणूस त्या गोळीला पुन्हा हात लावायला धजत नाही. मला सगळ्यात जास्त दुःख याचं होतं.

बर्नच्या पद्धतीत तोच रेग्युलेटर इतका हळू फिरवतात की शरीराला धक्का बसत नाही. म्हणूनच ०.२ ला अर्थ आहे. २ मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव तुकडा म्हणजे ०.५, सुरुवातीच्या डोसच्या अडीचपट, आणि सुरीने केलेला तुकडा कधीच मापात नसतो. उलट चूकही तितकीच होते. घरचे गर्द त्याच दिवशी बंद करतात आणि कणभर गोळीवर भिस्त ठेवतात. एवढ्याशा डोसने टर्की आवरत नाही, मुलगा संध्याकाळी पुन्हा अड्ड्यावर.

आणखी एक गैरसमज माझ्या डोक्यात जातो: 'गोळीतल्या नॅलॉक्सोनमुळे टर्की येते.' नॅलॉक्सोन म्हणजे हेरॉइनचा परिणाम उलटवणारं औषध, काही गोळ्यांत मिसळलेलं. जिभेखालून ते अगदी नगण्य शोषलं जातं. गोळी विरघळवून टोचून घेऊ नये म्हणून ते घातलेलं असतं. ही टर्की ब्युप्रेनॉर्फिनच आणतं, नॅलॉक्सोन नसलेली साधी गोळीसुद्धा.

मग कोणती पद्धत बरी? कॅनडा-अमेरिकेत कणाकणाची पद्धत पसरली ती फेंटानिल या हेरॉइनहून जहाल अमली पदार्थामुळे. रोज घेणाऱ्यांच्या चरबीत ते साठून राहतं, थांबण्याचे तास मोजूनही दगा होतो. आपल्याकडच्या गर्दवाल्यासाठी मी थांबण्याच्याच बाजूची आहे. १२ तास कठीण जातात, पण आठवडाभर रस्त्यावरची पुडी चालू ठेवणं, तिच्यात काय भेसळ आहे हे माहीत नसताना, त्याहून धोक्याचं. मेथाडोनवरून येणारे किंवा दुखण्यासाठी मॉर्फिन घेणारे, ज्यांना मध्ये खंड झेपत नाही, त्यांच्यासाठी मात्र बर्नची वाट डॉक्टरांच्या देखरेखीखाली जरूर विचारावी. दारू किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना आधी सांगा, कारण या जोडीने श्वास मंदावतो.

पहिल्या गोळीआधी डॉक्टर विचारतात, "शेवटचं कधी घेतलंस?" वडील शेजारी डोळे वटारून बसलेले असले की पोरगा "काल रात्री" म्हणतो, घेतलेलं असतं सकाळी. म्हणून त्या दोन मिनिटांसाठी मी घरच्यांना बाहेर बसवते. मग त्याच्या डोळ्यांकडे बघते. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या असतील तर गोळी नाही. त्या मोठ्या झाल्या, जांभया सुरू झाल्या, नाक गळू लागलं, हातावर काटा उभा राहिला, की मग डॉक्टर टर्कीच्या ११ लक्षणांना गुण देतात आणि पहिली गोळी जिभेखाली जाते.