छतावरचा अँटेना आणि वाहिनीचा क्रमांक : एक पार्श्वभूमी

न्यू जर्सीच्या मध्यभागी, एडिसनपासून प्लेन्सबरोपर्यंतच्या पट्ट्यात, मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. केबलचे मासिक बिल नको म्हणून छतावर अँटेना बसवायचा विचार करणाऱ्याला तिथल्या दुकानात 'डिजिटल अँटेना', 'एचडी अँटेना' आणि 'पल्ला दीडशे मैल' अशी खोकी दिसतात. यांतली पहिली दोन विशेषणे निरर्थक आहेत आणि तिसरा दावा पृथ्वीच्या गोलाईला मान्य नाही. आपल्यावर पडणारी लहर अनालॉग चित्र घेऊन आली आहे की डिजिटल, हे अँटेनाला कळत नाही. त्याला कळते ती फक्त तिची वारंवारिता आणि ती कोणत्या दिशेने आली ते. त्यामुळे कोणता अँटेना घ्यावा या प्रश्नाचे खरे उत्तर खोक्यावर नसून, कोणत्या केंद्राला कोणत्या वर्षी कोणती वारंवारिता मिळाली या इतिहासात आहे.

अँटेनाची साधी काडी तरंगलांबीच्या सुमारे निम्मी असावी लागते. वारंवारितेच्या मेगाहर्ट्झमधल्या आकड्याने 150 ला भागले की ही लांबी मीटरमध्ये मिळते. प्रत्यक्षात ती थोडी कमी ठेवतात. मुंबईत 2 ऑक्टोबर 1972 रोजी दूरदर्शन सुरू झाले तेव्हा प्रक्षेपण व्हीएचएफच्या (टीव्हीच्या कमी वारंवारितांच्या भागाच्या) खालच्या पट्ट्यात, चौथ्या क्रमांकावर होते; क्रमांक म्हणजे वारंवारितांमधली ठरवून दिलेली जागा, इथे 61 ते 68 मेगाहर्ट्झ. दादर-गिरगावच्या गच्च्यांवरच्या अँटेनांच्या नळ्या दोन मीटरांहून लांब असत आणि त्यांवर कावळ्यांना ऐसपैस बसता येई, त्याचे कारण एवढेच. पल्ल्याचे गणितही त्या काळच्या उदाहरणावरून समजते. वरळीच्या 300 मीटर मनोऱ्यावरून निघालेली लहर दहा मीटर उंचीवरच्या अँटेनाला साधारण 80 ते 85 किलोमीटरपर्यंत सरळ दिसते. पुणे त्याच्या पलीकडे आणि मध्ये सह्याद्री, म्हणून पुण्यासाठी 1973 मध्ये सिंहगडावर सहक्षेपण केंद्र, म्हणजे तेच कार्यक्रम पुढे पाठवणारे केंद्र, उभारावे लागले. दीडशे मैल म्हणजे 240 किलोमीटर. क्वचित एखाद्या रात्री हवेच्या थरांमुळे लहर तितकी वाकतेही, पण त्या भरवशावर कोणी बातम्या पाहत नाही.

एका काडीपुढे आणि मागे आणखी काड्या ठरावीक अंतरावर लावल्या की अँटेना एका दिशेचे अधिक ऐकतो, हे जपानमधील सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा यांनी प्रयोगांनी दाखवले. त्यांचे वरिष्ठ हिदेत्सुगु यागी यांनी 1928 मध्ये इंग्रजी निबंधातून हे काम जगापुढे मांडले आणि नाव यागींचेच रूढ झाले. बहुतेक काम उदांचे होते, ही गोष्ट अभियांत्रिकीच्या वर्गांतही अनेकदा सुटून जाते. 1942 मध्ये सिंगापूर पडल्यावर जपानी सैन्याच्या हाती ब्रिटिश रडारच्या टिपणवह्या लागल्या, त्यांत वारंवार येणारा 'यागी' हा शब्द त्यांना उलगडेना आणि अखेर एका कैद्याने सांगितले की, हे तुमच्याच प्राध्यापकांचे नाव आहे, असा किस्सा प्रसिद्ध आहे. यागी-उदा अँटेनाची एक मर्यादा मात्र कायम आहे. तो अरुंद पट्ट्यासाठी उत्तम असतो; फार वेगवेगळ्या वारंवारिता त्याच्याकडून नीट पकडल्या जात नाहीत.

अमेरिकेत ही मर्यादा लवकरच जाणवू लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर केंद्रांची इतकी गर्दी झाली की फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या परवाने देणाऱ्या सरकारी संस्थेने 1948 मध्ये नवे परवाने देणेच थांबवले. एप्रिल 1952 मध्ये ही बंदी उठली, तेव्हा 2 ते 13 या जुन्या व्हीएचएफ क्रमांकांना 14 ते 83 या यूएचएफ, म्हणजे अधिक उच्च वारंवारितेच्या, क्रमांकांची जोड मिळाली. त्यातही 2 ते 6 हे 54 ते 88 मेगाहर्ट्झमध्ये, 7 ते 13 हे 174 ते 216 मध्ये आणि 14 पासून पुढचे 470 च्या वर, असे तीन वेगळे तुकडे होते. पहिल्यासाठी काडी दोन-अडीच मीटर, दुसऱ्यासाठी सुमारे 85 सेंटिमीटर आणि तिसऱ्यासाठी वीत-दीड वीत. बहुतेक टीव्ही संचांना यूएचएफ पकडताच येत नव्हते. 1962 च्या कायद्याने ते सक्तीचे केले तेव्हा कुठे ती केंद्रे तग धरू लागली.

सगळे तुकडे एकाच दांड्यावर पकडण्याची युक्ती 1950 च्या दशकाच्या अखेरीस इलिनॉय विद्यापीठात सापडली. क्रमाने लहान होत जाणाऱ्या काड्यांचा, माशाच्या काट्यासारखा दिसणारा 'लॉग-पिरिऑडिक' अँटेना तिथे घडला आणि पुढची काही दशके अमेरिकी उपनगरांच्या छतांवर तोच दिसत राहिला. त्याच्या एका पेटंटवरून ब्लाँडर-टंग या कंपनीशी झालेला खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1971 चा तो निकाल अँटेनासाठी कोणी वाचत नाही, पण एकदा रद्द ठरलेले पेटंट धारकाला दुसऱ्या प्रतिवादीविरुद्ध पुन्हा सहजासहजी वापरता येत नाही, हे तत्त्व घालून दिल्याने अमेरिकी पेटंट कायद्याच्या अभ्यासात त्याला आजही स्थान आहे.

आजच्या गोंधळाचे मूळ मात्र 1998 नंतरच्या अकरा वर्षांत आहे. नोव्हेंबर 1998 पासून डिजिटल प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने सुरू झाले आणि जवळपास प्रत्येक केंद्राला अनालॉग चालू ठेवून डिजिटलसाठी तात्पुरती दुसरी जागा मिळाली. यांतल्या बहुसंख्य जागा यूएचएफमध्ये होत्या. साहजिकच, डिजिटल म्हणजे यूएचएफ अशी समजूत पसरली, दुकानदारांनी छोटे यूएचएफ अँटेना 'एचडी' म्हणून विकले आणि त्या काळापुरते ते चाललेही. जुन्या संचांसाठी सरकारने घरटी दोनपर्यंत, प्रत्येकी 40 डॉलरची कूपने दिली. पण ती डिजिटल सिग्नल जुन्या संचावर दाखवणाऱ्या रूपांतरक पेटीसाठी होती, अँटेनासाठी नव्हे.

12 जून 2009 रोजी पूर्ण शक्तीच्या केंद्रांचे अनालॉग प्रक्षेपण बंद झाले. मूळ तारीख 17 फेब्रुवारी होती, ती कायद्याने पुढे ढकलण्यात आली होती. त्या दिवशी अनेक केंद्रे तात्पुरती जागा सोडून आपल्या जुन्या व्हीएचएफ क्रमांकावर परतली. न्यूयॉर्कचे डब्ल्यूएबीसी 7 वर आणि डब्ल्यूपीआयएक्स 11 वर गेले. फिलाडेल्फियाच्या डब्ल्यूपीव्हीआयची तात्पुरती जागा 64 होती. 52 ते 69 हा सगळा पट्टा टीव्हीकडून काढून घेतला जाणार असल्याने ती सोडणे भागच होते, आणि त्यांनी आपला जुना 6 हाच क्रमांक निवडला. घरोघरी आदल्या दिवसापर्यंत दिसणारे केंद्र एकाएकी नाहीसे झाले. फिलाडेल्फियात तक्रारी इतक्या झाल्या की केंद्राला शक्ती वाढवावी लागली. शिकागोतील डब्ल्यूएलएसने 7 वर तसाच त्रास भोगून पुढे यूएचएफचा आसरा घेतला.

यामागे दोन कारणे होती. छोट्या यूएचएफ अँटेनाची काडी आखूड पडत होती, हे पहिले. दुसरे असे की व्हीएचएफमध्ये, त्यातही खालच्या पट्ट्यात, मोटारी, चार्जर आणि स्वस्त एलईडी दिव्यांना वीज पुरवणारी सर्किटे यांची विद्युत खरखर फार असते. अनालॉग चित्रात तिच्यामुळे मुंग्या आल्या असत्या आणि माणसाने त्या सोसून कार्यक्रम पाहिला असता. डिजिटलमध्ये मुंग्या नसतात; ठरावीक मर्यादेपर्यंत चित्र स्वच्छ राहते आणि मर्यादा ओलांडली की चौकोन फुटून पडदा काळा होतो. पूर्वी गच्चीवरचा माणूस अँटेना फिरवायचा आणि खालचा 'आता आलं, थोडं मागे' असे ओरडून सांगायचा, तो संवादही यामुळे निकामी झाला, कारण चित्र सुधारत असल्याची खूणच मधल्या मधे दिसत नाही. संचातील सिग्नलची पट्टी पाहूनच अँटेना फिरवावा लागतो.

त्यात पडद्यावर दिसणारा क्रमांक खरा असेलच असे नाही. प्रेक्षकांची सवय मोडू नये म्हणून डिजिटल प्रक्षेपणासोबत जुना क्रमांकच पाठवला जातो. न्यूयॉर्कचे डब्ल्यूसीबीएस पडद्यावर 2 दाखवते, पण 2009 नंतर ते 33 वर होते आणि नंतर 36 वर गेले. पडद्यावरचा 2 पाहून कोणी अडीच मीटरचा अँटेना आणला तर तो पैसा वाया गेला. उलट 7 आणि 11 मात्र दिसतात तेच आहेत.

जागा बदलण्याचा दुसरा फेरा 2017 मध्ये संपलेल्या वारंवारितांच्या लिलावाने सुरू झाला. 38 ते 51 हा 84 मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइल सेवेसाठी रिकामा करण्यात आला आणि जुलै 2020 पर्यंत शेकडो केंद्रे नव्या क्रमांकांवर हलली. टीव्हीसाठी यूएचएफ आता 36 पर्यंतच, म्हणजे 608 मेगाहर्ट्झपर्यंत उरला आहे. याचा एक परिणाम फारसा सांगितला जात नाही. 83 किंवा 69 पर्यंत पकडण्यासाठी बनवलेला जुना अँटेना आता टीव्हीबरोबर मोबाइल मनोऱ्यांचे सिग्नलही आवडीने गोळा करतो, आणि त्यापुढे बूस्टर लावला तर तो त्या भाराखाली गुदमरतो. अशा ठिकाणी आणखी मोठ्या बूस्टरपेक्षा मोबाइलचे सिग्नल अडवणारा साधा फिल्टर उपयोगी पडतो. 2017 मध्येच परवानगी मिळालेल्या एटीएससी 3.0 या नव्या टीव्ही प्रक्षेपण प्रणालीसाठी टीव्ही किंवा पेटी बदलावी लागते. वारंवारिता त्याच असल्याने अँटेना बदलावा लागत नाही.

अँटेना लावण्याची मुभा हाही इतिहासाचाच भाग आहे. अनेक वसाहतींच्या नियमावल्या छतावरच्या अँटेनाला मनाई करत असत. 1996 च्या दूरसंचार कायद्यानंतर कमिशनने नियम केला की स्वतःच्या मालकीच्या किंवा भाड्याच्या, पण केवळ स्वतःच्या वापरातील जागेवर टीव्ही अँटेना लावण्यापासून रहिवाशाला रोखता येणार नाही. इमारतीच्या सामायिक छताला ही मुभा लागू होत नाही, त्यामुळे अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्याला बहुधा बाल्कनीवर भागवावे लागते.

राहता राहिली दिशा. प्लेन्सबरोहून न्यूयॉर्कचे प्रक्षेपक ईशान्येला सुमारे 70 किलोमीटरवर आहेत, तर फिलाडेल्फियाचे मनोरे रॉक्सबरो भागात नैर्ऋत्येला साठेक किलोमीटरवर. न्यूयॉर्कच्या बहुतेक केंद्रांचे प्रक्षेपण 11 सप्टेंबर 2001 रोजी वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर मनोऱ्याबरोबर कोसळले आणि पुढे अनेक वर्षे एम्पायर स्टेट इमारत हाच मुख्य आधार राहिला. इतक्या अंतरावरून पाहता त्याने दिशेत नाव घेण्याजोगा फरक पडला नाही. एकमेकांकडे पाठ करून उभ्या असलेल्या या दोन शहरांसाठी पूर्वी मोटरने फिरणारा खांब लावत. घरात दोन टीव्ही असले आणि एकाला न्यूयॉर्क, दुसऱ्याला फिलाडेल्फिया हवे असले की तो खांब भांडणाचे कारण ठरे. दोन अँटेना एका वायरीत जोडले तर एकच सिग्नल दोन वाटांनी येऊन स्वतःलाच खोडण्याचा धोका असतो, म्हणून मध्ये स्विच ठेवणे बरे. माझ्या मते तिथल्या बहुतेक घरांना न्यूयॉर्ककडे रोखलेला, 7 ते 13 आणि यूएचएफ असे दोन्ही पकडणारा एकच अँटेना पुरतो. 7 वरचे डब्ल्यूएबीसी आणि 6 वरचे डब्ल्यूपीव्हीआय एकाच एबीसी जाळ्यातली, म्हणजे बहुतेक तेच कार्यक्रम दाखवणारी असल्याने, फिलाडेल्फियाच्या स्थानिक बातम्या हव्या असतील तरच पावणेदोन मीटरच्या काड्यांचा खर्च करावा.