न धुतलेला कपडा आम्ही का मागतो?
कुत्र्याला पालकाच्या मळक्या कपड्यांची ओढ का असते, याविषयी आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आपण आपला कुत्रा काही दिवसांसाठी आमच्याकडे ठेवता, तेव्हा त्याचे नेहमीचे खाणे, औषधे आणि लसीकरणाची नोंद यांच्याबरोबर आम्ही आपण वापरलेला, न धुतलेला एक कपडाही मागतो. पुष्कळ ग्राहकांना ही मागणी संकोचाची वाटते, आणि काही जण मुद्दाम धुऊन, इस्त्री करून, नीट घडी घातलेला टी-शर्ट आणून देतात. त्यामागचे सौजन्य आम्हाला कळते. परंतु असा कपडा कुत्र्याच्या फारसा उपयोगाचा नसतो. याच ग्राहकांपैकी कित्येक जण नंतर हळूच विचारतात, की घरी आमचा कुत्रा धुण्याच्या टोपलीतून नेमके मोजे आणि अंतर्वस्त्रेच का पळवतो, आणि ही काही विकृती तर नाही ना? ती विकृती नाही. धुतलेला टी-शर्ट निरुपयोगी का ठरतो आणि मळका मोजा हवाहवासा का वाटतो, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे, म्हणून ते येथे एकत्र दिले आहे.

कपड्यात मागे काय राहते

आपण ज्याला घामाचा वास म्हणतो तो मुळात घामाचा नसतोच. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेत आणि जांघेत असलेल्या विशेष ग्रंथींतून जो स्राव येतो, त्यातील घटकांचे त्वचेवरचे जिवाणू विघटन करतात आणि त्यातून हवेत सहज उडणारी आम्ले व गंधकयुक्त संयुगे तयार होतात. पावलांना या ग्रंथी नसतात, पण साध्या घामाच्या ग्रंथी तेथे फार दाट असतात, आणि बुटात दिवसभर कोंडलेल्या ओलसर उबेत जिवाणूंचे चांगलेच फावते. त्यांनी तयार केलेले आयसोव्हॅलेरिक आम्ल हे पायांच्या ओळखीच्या वासाचे एक प्रमुख कारण आहे, आणि मुरवलेल्या काही चीजमध्येही तेच आम्ल सापडते. याशिवाय त्वचेच्या सूक्ष्म पापुद्र्यांचा आणि तेलकट स्रावाचा थर कपड्याच्या धाग्यांत अडकून राहतो. म्हणूनच मोजे, अंतर्वस्त्रे, बनियन आणि उशीचा अभ्रा ही कुत्र्याची आवडती ठिकाणे ठरतात, तर वरून घातलेल्या जाकिटाकडे तो एकदा हुंगून पाठ फिरवतो. व्यायामाचे पॉलिस्टरचे कपडे सुती कपड्यांपेक्षा अधिक उग्र वास धरतात, हे ते घालणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

मासिक पाळीच्या काळात काही कुत्रे कपड्यांकडे आणि पॅडकडे अधिक ओढले जातात. रक्त व शरीरस्रावांचा गंध त्यांच्या दृष्टीने ठळक असतो, इतकाच त्याचा अर्थ आहे. यात लाज वाटण्याजोगे काही नाही. पॅड मात्र झाकणाच्या डब्यातच टाकावे, कारण ते पोटात गेल्यास ओलावा शोषून फुगते.

नाकाला काय कळते

माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी साधारण 50 ते 60 लाख असतात. कुत्र्यात त्या जातीनुसार 10 कोटींच्याही पुढे जातात आणि ब्लडहाउंडसारख्या जातीत 30 कोटींपर्यंत असल्याचे मानले जाते. परंतु केवळ संख्येने हा फरक पडत नाही. हुंगताना आत आलेल्या हवेचा साधारण आठवा हिस्सा वेगळ्या वाटेने नाकाच्या मागच्या कप्प्यात जातो, आणि तो कप्पा जवळजवळ फक्त वासासाठीच राखलेला असतो. उच्छ्वास नाकपुड्यांच्या बाजूच्या फटींतून बाहेर पडतो, त्यामुळे समोरचा वास विस्कटत नाही आणि कुत्रा एका सेकंदात सुमारे पाच वेळा हुंगू शकतो. वरच्या दातांच्या मागे एक छोटी वाट आहे, जी वासाच्याच आणखी एका इंद्रियाकडे जाते. कपडा हुंगता हुंगता कुत्रा तो चाटू लागतो, तेव्हा हवेत न उडणारे रेणूही तेथपर्यंत पोहोचू शकतात.

अशा नाकाला आपला बनियन म्हणजे मळलेले कापड वाटत नाही. चेक संशोधकांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रशिक्षित जर्मन शेफर्ड कुत्र्यांनी एकाच घरात राहणाऱ्या, एकच अन्न खाणाऱ्या एकसारख्या जुळ्यांचे वासही वेगळे ओळखले. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठाच्या 2022 मधील अभ्यासात एकाच व्यक्तीचे दोन नमुने घेतले होते, एक शांत असतानाचा आणि दुसरा कठीण तोंडी हिशेब केल्यानंतरचा. श्वास आणि घामाच्या या नमुन्यांतून तणावाचा नमुना कुत्र्यांनी सुमारे 94 टक्के वेळा अचूक निवडला. म्हणजे कपड्यावरून तो कोणाचा आहे हे तर कळतेच, पण तो अंगावर असताना ती व्यक्ती तणावात होती की नाही, याचाही माग राहत असण्याची शक्यता आहे.

आमच्या कामाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा प्रयोग अमेरिकेतील एमरी विद्यापीठातला आहे. मेंदूशास्त्रज्ञ ग्रेगरी बर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 12 कुत्र्यांना भूल न देता एमआरआय यंत्रात स्थिर पडून राहायला शिकवले आणि त्यांना पाच वास दिले : स्वतःचा, ओळखीच्या माणसाचा, अनोळखी माणसाचा, ओळखीच्या कुत्र्याचा आणि अनोळखी कुत्र्याचा. काहीतरी चांगले मिळण्याच्या अपेक्षेशी निगडित असलेला मेंदूचा कॉडेट नावाचा भाग ओळखीच्या माणसाच्या वासाने सर्वाधिक उद्दीपित झाला, आणि ती व्यक्ती त्या वेळी तेथे हजरही नव्हती. यावरून कुत्र्याचे आपल्यावर प्रेम सिद्ध होते, असे आम्ही म्हणणार नाही. तेवढा दावा त्या अभ्यासाच्या बळावर करता येत नाही. मात्र माणूस समोर नसताना त्याचा नुसता वासही कुत्र्याला चांगल्या गोष्टीची खूण वाटतो, एवढे त्यातून निश्चित दिसते. आमच्याकडील पहिल्या रात्री आपला कपडा त्याच्या अंथरुणात असावा, असा आमचा आग्रह आहे तो याचसाठी.

मग तो पळवतो कशाला

नुसते अंग टाकून कपड्यांच्या ढिगावर झोपणारा कुत्रा सोबत शोधत असतो आणि त्याला उठवण्याचे काही कारण नाही. दात येत असलेले पिल्लू जे मिळेल ते चावते, त्यात वासाचे कापड मऊ असल्याने अधिक सोयीचे. पळवापळवीची गोष्ट मात्र वेगळी आहे. मोजा तोंडात धरताच सगळे घर हातातले काम टाकून मागे धावते, हे एकदा अनुभवले की कोणता कुत्रा तो खेळ सोडेल? आमच्या अनुभवात मोजेचोरांपैकी बहुतेकांना मोज्यापेक्षा पाठशिवणीचीच गोडी लागलेली असते. त्यावर ओरडल्याने किंवा जबडा उघडून वस्तू हिसकावल्याने फायदा होत नाही. उलट काही कुत्रे वस्तूवरून गुरगुरायला लागतात, तर काही ती घाईने गिळून टाकतात. शांत राहून, न धावता, त्याहून चांगला खाऊ पुढे करावा आणि मोजा सुटला की खाऊ द्यावा. टोपलीला घट्ट झाकण असणे हा उपाय मात्र सर्वांत स्वस्त.

आपण बाहेर पडताच दाराजवळ कपडे फाडणे, सतत भुंकणे, घरात लघवी करणे हे सर्व एकत्र दिसत असेल, तर तो सूड नसून एकटेपणाचा त्रास असू शकतो, आणि त्यासाठी पशुवैद्याचा सल्ला घ्यावा.

गिळलेला कपडा

या बाबतीत आम्ही कोणतीही हयगय चालवून घेत नाही. 2014 मध्ये अमेरिकेतील ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड येथे ग्रेट डेन या थोराड जातीच्या एका कुत्र्याच्या पोटातून शस्त्रक्रियेने साडेत्रेचाळीस मोजे काढावे लागले होते. तो वाचला, म्हणून हा किस्सा हसत सांगितला जातो. परंतु लहान कुत्र्याच्या आतड्यात एकच मोजा अडकला तरी जीव धोक्यात येतो. लांबट वस्तू, म्हणजे नाडी, पट्टा, पायांचे तलम मोजे, यांचे एक टोक अडकून राहते, आतडे त्यावर चुणीसारखे गोळा होते आणि ताणाने चिरू शकते. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा बाहेर आलेला दिसला तर तो कधीही ओढू नये. वारंवार उलटी, अन्न नाकारणे, पोट दुखणे, शौच न होणे, मरगळ, यांपैकी काही दिसल्यास वाट पाहू नये. गिळल्याचे लगेच लक्षात आले तरी मीठपाणी पाजून घरी उलटी करवू नये. ती करवायची की नाही हे पशुवैद्य ठरवतील.

मलमांबाबतही सावध राहावे. त्वचेच्या काही कर्करोगांसाठीचे फ्लुरोयुरॅसिल, सोरायसिससाठीचे कॅल्सिपोट्रायोल आणि केसांसाठीचे मिनॉक्सिडिल ही औषधे लागलेला कपडा किंवा अभ्रा चाटणे कुत्र्याला घातक ठरू शकते. खिशात राहिलेल्या गोळ्या आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले च्युइंग गम हेही तितकेच धोकादायक आहे.

कोणता कपडा आणावा

घरात जो माणूस कुत्र्याच्या सर्वाधिक सहवासात असतो, त्याने एक दिवस व एक रात्र घातलेला जुना सुती टी-शर्ट उत्तम. बटणे, नाड्या, चेन नसाव्यात. अत्तर किंवा मलम लागलेला कपडा नको, आणि मोजा तर नकोच. टी-शर्ट घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालून, कुत्रा सोडण्याच्या दिवशीच आणावा. आपला कुत्रा कापड चघळणारा असेल तर तसे नोंदणीच्या वेळी सांगावे. अशा वेळी आम्ही कपडा जाळीबाहेर, वास येईल पण दात पोहोचणार नाहीत इतक्या अंतरावर टांगतो. मुक्काम आठवड्याहून मोठा असल्यास दोन कपडे द्यावेत. दुसरा आम्ही बंद पिशवीतच ठेवतो आणि पहिल्याचा वास उणावल्यावर बाहेर काढतो. परत देताना कपडे धुतलेले नसतील, त्यांवर केस आणि लाळही असेल, याची कृपया कल्पना असू द्यावी.