समुद्र कधी उघडतो, हे कोणाच्या ज्ञानाने ठरवायचे?

दरवर्षी जुलैचा शेवटचा आठवडा आला की महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर, उत्तरेच्या झाईपासून दक्षिणेच्या रेड्डीपर्यंतच्या बंदरांत तोच वाद पुन्हा उभा राहतो. पावसाळी बंदीनंतर मासेमारी १ ऑगस्टला सुरू करावी की नारळी पौर्णिमेला नारळ वाहून? बातम्यांत तो मोठ्या यांत्रिक नौकांचे मालक आणि लहान मच्छीमार यांच्या हितसंबंधांचा वाद म्हणून येतो, आणि तो तसा आहेही. त्याच्या तळाशी मात्र ज्ञानाविषयीचा एक जुना प्रश्न आहे. समुद्राविषयी ‘आम्हांला माहीत आहे’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आणि कशाच्या आधारावर मिळतो, हा तो प्रश्न.

ज्ञानाच्या साधनांचा विचार आपल्याकडे प्राचीन आहे. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही चार प्रमाणे मानली, तर चार्वाकांनी प्रत्यक्षाखेरीज काहीही मानण्यास नकार दिला. किनाऱ्यावरच्या व्यवहारात शब्दप्रमाणाचा, म्हणजे भरवशाच्या माणसाच्या सांगण्याचा, वाटा सर्वांत मोठा असतो. होडीवर नव्याने चढलेला मुलगा बहुतेक गोष्टी आधी ऐकतो आणि त्यांतल्या काहीच पुढे स्वतः पडताळतो. पाश्चात्त्य विचारात १९४९ साली एका इंग्रज तत्त्वज्ञाने ‘अमुक आहे हे जाणणे’ आणि ‘अमुक कसे करावे हे जाणणे’ यांत स्पष्ट भेद केला. हातातले कसब हेही ज्ञानच आहे, हे विद्यापीठांना मान्य व्हायला एवढा काळ लागला, याचे कोणत्याही तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, आश्चर्यच वाटेल.

कोकणच्या किनाऱ्यावरचे ज्ञान म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे श्रद्धा आणि अंदाज उभे राहतात. भरतीचा हिशेब पाहिला तर हे चित्र टिकत नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची घड्याळातली वेळ येते, हा ठोकताळा आजही अनेक गावांत तोंडपाठ आहे. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, पौर्णिमेला सव्वाअकरा. चंद्राच्या गतीने भरती दर तिथीला सुमारे ४८ मिनिटे पुढे सरकते, म्हणजे खरा गुणक पाऊण नसून चार-पंचमांश आहे. पाऊणपटीचा हिशेब मनातल्या मनात पटकन होतो. त्यात साचत जाणारी चूक पंधरवड्याच्या अखेरीस पाऊण तासापर्यंत पोहोचते आणि प्रतिपदेपासून मोजणी पुन्हा सुरू झाली की आपोआप पुसली जाते. शिवाय दक्षिणेकडच्या बंदरांत भरती मुंबईच्या आधी येते, म्हणून प्रत्येक गाव आपापली वजाबाकी करून घेते. उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) ओळखून डोल, म्हणजे प्रवाहात रोवायचे पिशवीसारखे जाळे, कधी लावायची आणि होडी खाडीबाहेर कधी काढायची हे ठरवायला एवढी अचूकता पुरते. मुंबईच्या अपोलो बंदरावर भरतीमापकाच्या नोंदी १८७८ पासून मिळतात, आणि हिंदुस्थानच्या बंदरांसाठी भरतीचे भाकीत करणारे यंत्र १८७९ साली इंग्लंडमध्ये तयार झाले. त्या यंत्राने काढलेली कोष्टके अधिक अचूक होती यात शंका नाही. तरी ठोकताळा आणि कोष्टक एकाच जातीचे आहेत, कारण दोन्ही भाकीत करतात आणि दोन्ही रोज खोटे ठरण्याची जोखीम पत्करतात.

नारळी पौर्णिमेची गोष्ट वेगळी आहे, आणि वादाचा गुंता तिथेच आहे. शिडाच्या आणि वल्ह्याच्या काळात पावसाळ्यात होड्या ओढून वर घेतल्या जात, कारण नैर्ऋत्येच्या वाऱ्यात खाडीच्या मुखावरच्या लाटांतून बाहेर पडणे जिवावर बेतणारे होते. श्रावणाच्या मध्यापर्यंत वाऱ्याचा जोर बहुधा ओसरतो, आणि मग समुद्र उघडतो. म्हणजे या तिथीमागे मुख्यतः धोक्याचे ज्ञान होते. तिचे दुसरे काम सामाजिक होते. गावातली एकही होडी आधी निघणार नाही, असा तो करार होता. माशांच्या विणीला त्यामुळे उसंत मिळत असे, पण तो त्या नियमाचा परिणाम होता. तोच त्याचा हेतू होता असे आज ठामपणे सांगितले जाते, आणि माझ्या मते तेथे आजच्या गरजेने जुन्या रिवाजाला नवा अर्थ चिकटवला आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्रे आली, पुढे ट्रॉलर आले, आणि पावसाळ्यातही बाहेर पडता येऊ लागले. धोका कमी होताच त्या ज्ञानाचा मूळ आधार ढिला झाला. १९८१ साली राज्याने सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा केला, आणि त्याखालील पावसाळी बंदीची अखेर ‘१५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे आधी येईल ते’ अशा शब्दांत ठरवली गेली. एका शासकीय नियमात तिथी आणि इंग्रजी तारीख अशा शेजारी बसल्या हे विलक्षण होते. मात्र आता कारण बदलले होते. बंदीचे समर्थन जीवितरक्षणाबरोबरच, किंबहुना त्याहून अधिक, मत्स्यसाठ्याच्या रक्षणाने होऊ लागले.

२०१५ मध्ये पश्चिम किनाऱ्याच्या खोल समुद्रासाठी केंद्राने ठरवलेली ४७ दिवसांची बंदी ६१ दिवसांची झाली. ती १ जून ते ३१ जुलै अशी सर्व राज्यांना समान करण्यात आली आणि राज्यानेही आपल्या १२ सागरी मैलांच्या हद्दीसाठी तीच चौकट घेतली. बिगरयांत्रिक होड्यांना ती लागू नाही. प्रशासनाच्या बाजूने पाहिले तर निर्णय समजण्याजोगा आहे, कारण शेजारच्या राज्याच्या नौका समुद्रात असताना आपल्या नौका बांधून ठेवणे कोणत्याही सरकारला अवघड जाते. शिवाय तिथी स्थिर नसते. २०२० मध्ये नारळी पौर्णिमा ३ ऑगस्टला होती, तर अधिक श्रावणामुळे २०२३ मध्ये ३० ऑगस्टला आली. मासे अधिक महिना पाळत नाहीत, हा युक्तिवाद खोडून काढणे कठीण आहे. परंतु मासे ३१ जुलैही पाळत नाहीत. बांगडा, तारली यांसारख्या जातींची वीण पावसाळ्याच्या आगेमागे पसरलेली असते आणि जातीगणिक वेगळी असते, त्यामुळे एका दिवशी संपणारी कोणतीही बंदी शास्त्राने ‘सिद्ध’ केलेली नसते. ती शास्त्र, शेजार आणि सोय यांची तडजोड असते. तिला शास्त्रीय म्हणायचे आणि तिथीला भावनिक म्हणायचे, हा भेद मला अन्यायाचा वाटतो. १५ ऑगस्टपर्यंत थांबावे असे म्हणणारे अनेक मच्छीमार तर तिथीचा हट्टही धरत नाहीत. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात समुद्र खवळलेला असतो आणि जाळ्यात लहान मासळी फार येते, असे ते सांगतात, आणि या दोन्ही गोष्टी बंदरावर मोजून पाहता येण्याजोग्या आहेत.

१९६३ साली प्रसिद्ध झालेल्या तीन पानांच्या एका लेखाने ज्ञानाच्या व्याख्येला जो धक्का दिला, तो येथे उपयोगी पडतो. एखादी समजूत खरी असली आणि तिच्यामागे कारण असले, तरी ते कारण आणि ते सत्य यांची गाठ योगायोगाने पडली असेल तर तिला ज्ञान म्हणता येत नाही, असे त्यातील उदाहरणे दाखवतात. नारळी पौर्णिमेच्या नियमाचे तेच झाले आहे. वाऱ्याच्या कारणाने काढलेला निष्कर्ष विणीच्या दृष्टीनेही बराचसा बरोबर निघाला. आज त्याचे समर्थन करणाऱ्यांनी ‘पूर्वजांना ठाऊक होते’ एवढ्यावर थांबू नये. निष्कर्ष जुना आहे, त्याला नवा आधार नव्याने शोधावा लागेल.

वारशाने आलेल्या ज्ञानाच्या मर्यादा समुद्रानेच दाखवल्या आहेत. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र आपला, हा भरवसा ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान चक्रीवादळाने मोडला. कोकणातल्या अनेक नौका त्या वेळी पाण्यात होत्या आणि कित्येक खलाशी परतले नाहीत. वादळाची कल्पना वेधशाळेला होती, पण ती दूरवरच्या नौकेपर्यंत वेळेत पोहोचवण्याची व्यवस्था तोकडी होती. तेव्हापासून उपग्रहावरील भिस्त वाढत गेली. पाण्याचे तापमान आणि हरितद्रव्य यांवरून मासळी कोठे सापडण्याचा संभव आहे, हे हैदराबादहून कळवले जाते. किनाऱ्यावरची दोन ठिकाणे, म्हणजे देवळाचे शिखर आणि किल्ल्याचा बुरूज, एका रेषेत आणून समुद्रातली जागा ओळखण्याचे कसब जीपीएसने बरेचसे निकामी केले. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, वापरणारा रापणकर पाण्याच्या रंगावरून माशांचा थवा ओळखतो ते कसब अजून टिकून आहे, कारण रापण किनाऱ्यालगतच ओढली जाते आणि तेवढ्या बारकाईने उपग्रह सांगत नाही.

५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याने पर्ससीन जाळ्यांवर, म्हणजे अख्ख्या थव्याला वेढून खालून आवळल्या जाणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर, हद्दीचे आणि हंगामाचे निर्बंध घातले, आणि १० नोव्हेंबर २०१७ रोजी केंद्राने कृत्रिम प्रकाशझोतातील मासेमारीला मनाई केली. या दोन्हींच्या आधी मालवणपासून उत्तरेपर्यंतचे लहान मच्छीमार कित्येक वर्षे मासळी घटल्याचे सांगत होते. त्यांचे म्हणणे अहवालात येईपर्यंत ‘तक्रार’ होते, अहवालात आल्यावर ‘निष्कर्ष’ झाले. विधान तेच राहिले, दर्जा बदलला.

स्थानिक ज्ञानाला कागदावर जागा देण्याची सोय २००२ च्या जैवविविधता कायद्यात आहे. त्याखाली गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या करायच्या होत्या. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी त्या ३१ जानेवारी २०२० ही राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाची मुदत गाठण्यासाठी घाईने भरल्या गेल्या. माशांच्या नावांची यादी अशा घाईत होऊ शकते. मासळीच्या जागा कोणी तांडेल सांगत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण ती त्याची मिळकत आहे. पण ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात कोणत्या बंदरावर किती लहान मासळी उतरते, याची नोंद गुपित नाही. ती दहा-बारा वर्षे सलग ठेवली असती तर आजच्या वादात दोन्ही बाजूंना अंदाजाऐवजी आकडे वापरता आले असते. २०२६ साली नारळी पौर्णिमा ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात येते. बंदी ३१ जुलैला संपली तर मधले चार आठवडे अशा नोंदीसाठी उपलब्ध आहेत, आणि ती करायला लागतात ते वजनकाटा, मोजपट्टी आणि रोज बंदरावर उभा राहणारा माणूस.