व्हीलचेअरवरचं लेकरू आणि विशाखापट्टणमची पाणबुडी
(आमच्यासोबत सहलीला येणाऱ्या पालकांसाठी)

पाणबुडीच्या आत व्हीलचेअर जात नाही. हे आधीच सांगतो, कारण पहिल्या खेपेला आम्ही ते सांगितलं नव्हतं. सडक अर्जुनीकडचं नऊ वर्षांचं एक पोरगं पाणबुडी पाहायची म्हणून रात्रभर रेल्वेत जागं होतं, आणि तिथं गेल्यावर जिन्याच्या पायथ्याशी त्याची खुर्ची थांबली. भावंडं वर गेली, ते आजीजवळ खालीच बसून राहिलं. चूक आमची होती. तेव्हापासून गाडी ठरवण्याआधी आम्ही हे सगळं सांगतो.

आयएनएस कुरसुरा ही सोव्हिएत रशियात बांधलेली पाणबुडी १९६९ मध्ये नौदलात आली, १९७१ च्या युद्धात अरबी समुद्रात गस्तीला होती आणि २००१ मध्ये निवृत्त झाली. २००२ पासून ती रामकृष्ण बीचवर संग्रहालय म्हणून उभी आहे. लांबी ९१ मीटर, म्हणजे एसटीच्या आठ बसा एकामागे एक लावल्या तेवढी. निघण्याआधी शाळेच्या मैदानात तेवढं अंतर मोजून लेकराला दाखवा. बाहेरून पाहतानाही मग ते बारकाईनं पाहतं.

आत मात्र सगळं अरुंद. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला गोल तोंडाची दारं आहेत. मोठ्या माणसालाही एक पाय आत टाकून, मान वाकवून, मग दुसरा पाय ओढून घ्यावा लागतो. लेकरू हलकं असेल तर दोघं मिळून नेता येतं: एकजण आधी पलीकडे जातो, दुसरा अलीकडून लेकराला त्याच्या हातात देतो. पण उचलून न्यायचं का, हे आधी लेकरालाच विचारा. काहींना लोकांसमोर उचललेलं आवडत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. ज्याचे खांदे सैल आहेत त्याला काखेत हात घालून उचलू नका, मांड्यांखाली आणि पाठीमागे हात द्या. मान सावरत नसेल तर आत नेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

बाहेर थांबणाऱ्यासाठी घरचं एक माणूस आळीपाळीनं सोबत ठेवा. रस्त्याच्या पलीकडे टीयू-१४२ हे नौदलाचं गस्तीचं मोठं विमान ठेवलं आहे, तेही बाहेरून डोळे भरून पाहता येतं. नौदलातून निवृत्त झालेली माणसं पाणबुडीत माहिती द्यायला असतात. लेकराचे प्रश्न घरूनच कागदावर लिहून आणा आणि आत जाणाऱ्याच्या हाती द्या. उत्तरं घेऊन भाऊ बाहेर आला की दोघांचं बोलणं लवकर संपत नाही.

सोमवारी संग्रहालय बंद असतं. रविवारी गर्दी फार, म्हणून आम्ही मधल्या वारी नेतो.

वाळूत खुर्चीची पुढची छोटी चाकं रुततात. खुर्ची उलटी फिरवून, पुढची चाकं उचलून मागे ओढत न्या. मुक्कामी आल्यावर खारं पाणी लागलेली चाकं साध्या पाण्यानं पुसून कोरडी करा, नाहीतर गंज धरतो.

गोंदियाहून समता एक्सप्रेस थेट विशाखापट्टणमला जाते, पण रोज नसते. सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशाला स्लीपर आणि थर्ड एसीत ७५ टक्के सवलत मिळते, सोबतच्या एका माणसालाही तेवढीच. त्यासाठी रेल्वेचं सवलत कार्ड लागतं. ते यायला वेळ लागतो, म्हणून कागदपत्रं लवकर आणून द्या, अर्ज आम्ही भरून देऊ. त्याचे पैसे घेत नाही. डब्याच्या बोळीतून खुर्ची जात नाही. ती घडी करून बर्थखाली ठेवावी लागते, म्हणून घडीची खुर्चीच आणा.

नाव नोंदवताना चार गोष्टी सांगा: लेकराचं वजन, खुर्चीची रुंदी, ते किती वेळ सलग बसू शकतं, आणि संडास-बाथरूमला कोण नेतं. त्यावरून तळमजल्याची खोली आणि उचलायला किती माणसं लागतील ते आम्ही ठरवतो.