मागचा दांडा

ज्यांच्या घरी मारुती 800 होती, त्यांना हा दांडा नावाने नसला तरी आवाजाने ओळखीचा आहे. स्पीड ब्रेकरवरून जाताना पुढून खटखट आली की गॅरेजवाला गाडीखाली वाकायचा, दोन्ही चाकांच्या मधून आडवा गेलेला लोखंडी दांडा हाताने हिसडून बघायचा आणि सांगायचा, "स्टॅबिलायझरचे बुश गेलेत." रबरं बदलली की आवाज बंद. तो दांडा तिथे नेमका कशासाठी आहे, हे आमच्याकडे तरी कुणी विचारलं नव्हतं.

800मध्ये या स्टॅबिलायझर बारकडे दोन कामं होती. वळणावर गाडीला कलू न देणं हे एक, आणि लोअर आर्मला, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या आडव्या दांडीला, पुढे-मागे धरून ठेवणं हे दुसरं. एका दांड्यात दोन कामं उरकण्याची ही काटकसर अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी इंजिनिअरच्या रचनेतली. 1950 साली फोर्डने इंग्लंडमध्ये आणलेल्या कॉन्सलच्या पुढच्या चाकांना ती होती आणि तिथून ती जगभरच्या लहान गाड्यांत पसरली. पण हे सगळं पुढच्या चाकांचं. घरगुती सेडानच्या मागच्या चाकांमध्ये असा सुटा दांडा बहुधा नसतो, आणि तो बाजारातून आणून बसवणाऱ्यांची जमात गेली साठेक वर्षं टिकून आहे. कंपनीने तो का दिला नाही आणि लोकांना तो का हवासा वाटला, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच गोष्टीत आहेत.

आधी दांडा काय करतो ते. आकार सरळ चपट्या 'U'सारखा. मधला भाग बुशमध्ये धरून गाडीच्या सांगाड्याला बांधलेला, दोन्ही टोकं लिंक रॉडने चाकांच्या आर्मना जोडलेली. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर तो बुशमध्ये नुसता फिरतो, काहीच विरोध करत नाही. एकच चाक वर गेलं तर त्याला पीळ बसतो आणि तो पीळ उलगडायला बघतो. म्हणून स्प्रिंग मऊ ठेवूनही गाडी वळणावर कमी कलते. या कल्पनेचं पेटंट कॅनडातल्या फ्रेडरिक्टन गावच्या स्टीफन कोलमन यांना 1919 साली मिळालं. तेव्हा त्याची गरज फारशी कुणाला वाटली नाही. पाट्यांच्या स्प्रिंगा इतक्या कडक होत्या की गाडी कलण्याआधी माणसंच उडायची.

गरज निर्माण झाली ती आरामातून. 1930च्या दशकात रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्सला आलेल्या मॉरिस ऑली यांनी गाडी मऊ कशी चालेल याचा पद्धतशीर अभ्यास केला, आणि 1934च्या मॉडेलांत कंपनीने पुढची चाकं एकमेकांपासून सुटी केली. पुढे मऊ स्प्रिंग, मागे मात्र तोच अखंड आस आणि पाटे. वळणावर कलण्याचा बहुतेक भार आता मागच्या चाकांनाच पेलावा लागू लागला. इथे टायरचा एक स्वभाव आडवा येतो. टायरवरचं ओझं दुप्पट केलं म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. त्यामुळे ज्या बाजूच्या, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या, जोडीत आतल्या चाकावरचं वजन जास्त प्रमाणात बाहेरच्या चाकावर जातं, ती जोडी आधी घसरते. एकूण वजन किती सरकणार हे गाडीची उंची, रुंदी आणि वेग ठरवतात. ते पुढे किती आणि मागे किती वाटायचं, हे दांडा ठरवतो.

हे एकदा लक्षात आलं की बाकीचा इतिहास सोपा होतो. पुढचा दांडा कडक केला की पुढची चाकं आधी सुटतात. स्टिअरिंग वळवूनही गाडीचं नाक सरळ जाऊ पाहतं, त्याला अंडरस्टिअर म्हणतात. मागचा कडक केला की शेपूट आधी सुटते, तो ओव्हरस्टिअर. नाक बाहेर गेलं तर घाबरलेला माणूस ॲक्सिलरेटर सोडतो, ब्रेक मारतो, आणि गाडी बरीचशी सावरते. शेपूट सुटली असताना त्याने तेच केलं तर गाडी गोल फिरते. साध्या माणसाला नाक बाहेर जाणारी गाडी द्यायची, हा उद्योगाचा निर्णय आहे. मागे दांडा न देण्यात पैसे वाचतात हेही खरंच, पण तेवढंच कारण नाही.

1964चं मॉडेल-वर्ष या गोष्टीत फार मजेशीर आहे, कारण एकाच कंपनीने, म्हणजे जनरल मोटर्सने, तेव्हा आपल्या दोन ब्रँडांत दोन उलट्या गोष्टी केल्या.

पहिली शेव्हर्ले कॉर्व्हेअर. इंजिन मागे, मागची चाकं स्विंग ॲक्सलवर, म्हणजे जोरात वळण घेतलं तर बाहेरचं मागचं चाक गाडीखाली दुमडू शकायचं. 1960 साली ती आली तेव्हा पुढचा दांडा खर्च वाचवायला वगळला होता. तोल सांभाळायला कंपनीने हवेचा उपाय सांगितला होता: पुढच्या टायरात 15 पौंड, मागच्यात 26. पेट्रोल पंपावर चारही टायरात सारखी हवा भरून घेणाऱ्या जगात हा सल्ला किती टिकणार? 1964च्या गाडीला पुढे दांडा आणि मागे एक आडवी पाटास्प्रिंग मिळाली. 1965मध्ये राल्फ नेडर या अमेरिकी वकिलाच्या, गाड्यांच्या सुरक्षिततेवरच्या पुस्तकाने पहिल्याच प्रकरणात कॉर्व्हेअरला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. 1972च्या सरकारी चौकशीत ती तेव्हाच्या इतर गाड्यांपेक्षा वाईट नव्हती असा निष्कर्ष निघाला, पण तोवर धडा घेऊन झाला होता. इंजिन पुढे असो वा मागे, कौटुंबिक गाडीचं नाकच आधी सुटलं पाहिजे.

दुसरी गाडी ओल्ड्समोबिलची. तिच्या मध्यम आकाराच्या एफ-85 गाड्यांवर त्याच वर्षी पोलिसांसाठीचं एक पॅकेज निघालं, तेच पुढे 4-4-2 या नावाने गाजलं. चार बॅरलचा कार्ब्युरेटर, चार गिअर, दोन सायलेन्सर, असा त्या आकड्यांचा हिशेब. नावात न आलेली गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: या गाडीला मागेही दांडा होता. पाठलाग करणाऱ्या पोलिसाने गाडी चालवायला शिकलेलं असतं, त्याला शेपूट थोडी मोकळी दिली तरी चालतं. हे पॅकेज चार दारांच्या सेडानवरही घेता यायचं, घेतलं मात्र अगदी मोजक्यांनी.

त्या मागच्या दांड्याचं दुसरं आयुष्य भंगारात सुरू झालं. शेव्हर्ले, पॉन्टिॲक, ब्यूइक आणि ओल्ड्समोबिल या जनरल मोटर्सच्याच ब्रँडांच्या या आकाराच्या गाड्यांचा मागचा सांगाडा एकसारखा होता. मोडीत निघालेल्या जोरदार गाडीचा दांडा काढायचा आणि बापाच्या साध्या सेडानला लावायचा. फक्त एक मेख होती. साध्या गाडीचे मागचे लोअर आर्म उघड्या पन्हाळीसारखे, तीनच बाजू असलेले. दांडा थेट त्या आर्मलाच बोल्टने बसतो आणि बोल्ट आवळला की पत्रा आत दबतो. म्हणून चारही बाजूंनी बंद, पेटीसारखे आर्मही सोबत आणावे लागायचे, किंवा आत नळीचा तुकडा घालून उघडी बाजू वेल्ड करायची.

1974 साली फोक्सवॅगनने गोल्फसाठी मागे ट्विस्ट बीम आणला आणि चित्र बदललं. दोन मागचे आर्म आणि मध्ये पिळवटू शकणारी आडवी तुळई, सगळं एकच. तुळईलाच पीळ बसतो, म्हणजे ती स्वतःच दांड्याचं काम करते. आपल्याकडच्या डिझायर, सिटी, व्हर्ना, व्हर्टस, स्लाव्हिया या सगळ्या याच जातीच्या. त्यामुळे "माझ्या गाडीला मागे बारच नाही" ही तक्रार अर्धीच खरी. अशा गाडीला बाजारातून आणून लावतात तो दांडा या तुळईच्या जोडीला आर्मवर बोल्टने आवळलेला असतो. फिरणारे बुश नाहीत, लिंक रॉड नाहीत. दिसायला किरकोळ, पण परिणाम लगेच जाणवतो.

दांड्याचं खरं वेड मात्र 1990च्या दशकात अमेरिकेत होंडा सिव्हिकवर स्वार झालं. तिची मागची चाकं सुटी होती, आणि होंडाच्याच इंटेग्रा टाइप आर या जोरदार गाडीचा 22 मिलिमीटरचा मागचा दांडा साध्या सिव्हिक सेडानलाही बसवता यायचा. मिलिमीटरच्या आकड्याने इथे बरेच जण फसतात. भरीव दांड्याचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. 16 मिलिमीटरच्या जागी 19 घातला तर तो सव्वापट नाही, जवळजवळ दुप्पट ताठ होतो. 22 घातला तर साडेतीन पट. हा जोर कुठेतरी जाऊन धडकणारच. सिव्हिकमध्ये तो मागच्या सबफ्रेमच्या, म्हणजे मागची चाकं जिला जोडलेली असतात त्या चौकटीच्या, पातळ पत्र्यावर धडकला, बोल्टच्या भोकांपाशी पत्रा फाटू लागला, आणि मग तो पत्रा सावरणारी जाड पट्टीही दांड्यासोबत विकली जाऊ लागली. ऑस्ट्रेलियाच्या व्हाइटलाइनसारख्या कंपन्यांनी तोवर अशा दांड्यांचा व्यवस्थित व्यवसाय उभा केला होता.

ऑक्टोबर 1997मध्ये स्वीडनच्या एका मोटार मासिकाच्या चाचणीत, अचानक समोर आलेल्या एल्क या मोठ्या हरणाला चुकवण्यासारखी वळणं घेताना, मर्सिडीजची ए-क्लास उलटली. कंपनीने विक्री थांबवून सस्पेन्शन बदललं आणि त्या लहान गाडीला ईएसपी, म्हणजे घसरणारी गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, सरसकट दिली. 2012च्या मॉडेलांपासून अमेरिकेत अशी इलेक्ट्रॉनिक स्थिरता सगळ्याच हलक्या गाड्यांना सक्तीची झाली. सुटणारी शेपूट आता संगणक एकेका चाकाचा ब्रेक लावून पकडतो. त्यामुळे मागचा दांडा पूर्वीइतका धोक्याचा राहिला नाही, असं मला वाटतं. पण ईएसपी नसलेल्या जुन्या सेडानला हा दिलासा लागू नाही. भारतात कायद्याचाही कोपरा आहे. मोटार वाहन कायदा, 1988च्या कलम 52चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019मध्ये स्पष्ट केलं की निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल गाडीत करता येत नाही.

बसवण्याचं काम तसं एका दुपारचं. मागची बाजू उचलून स्टँडवर घ्यायची, नुसत्या जॅकवर नाही. पॉलियुरेथेनच्या बुशला सोबत आलेलं ग्रीस आतून नीट चोपडायचं, नाहीतर महिन्याभरात मागून पलंगासारखी करकर सुरू होते. बऱ्याच दांड्यांच्या टोकाला दोन-तीन भोकं असतात. आतल्या भोकात लिंक लावली तर तरफ आखूड होते आणि दांडा ताठ वागतो, बाहेरच्या भोकात मऊ. नवा दांडा आणलेला माणूस बहुतेक वेळा आतलंच भोक निवडतो. मग जूनमध्ये ओल्या घाटात एखाद्या वळणावर ॲक्सिलरेटर सोडल्या सोडल्या मागची बाजू हलकीच बाहेर सरकते, आणि पुढच्या रविवारी तो पुन्हा गाडीखाली असतो, पाना घेऊन, लिंक बाहेरच्या भोकात सरकवत.