आल्यानिको कुणी राखला? इर्पिनियातल्या एका वायनरीची पार्श्वभूमी

दक्षिण इटलीतल्या चांगल्या वाईनच्या बाटलीवर शतकानुशतकांच्या परंपरेचा उल्लेख हमखास सापडतो. इर्पिनियाच्या आल्यानिको, फियानो आणि ग्रेको या तीन द्राक्षवाणांबाबत तो खरा आहे, पण अपुरा आहे. हे वाण जुने आहेत म्हणून आज दिसतात असं मुळीच नाही. 1945 नंतरच्या काही वर्षांत ते उपटून टाकायला सगळी कारणं होती, आणि ते न उपटणाऱ्यांत आत्रिपाल्दा गावचं मास्त्रोबेरार्दिनो कुटुंब सगळ्यात ठाम होतं.

इर्पिनिया म्हणजे नेपल्सच्या पूर्वेला, आव्हेल्लीनो शहराभोवतीचा डोंगराळ मुलूख. समुद्र फार लांब नाही, तरी हवा थंड. व्हेसुव्हियस ज्वालामुखीची राख इथल्या मातीत मिसळलेली आहे. ग्रेकोचं माहेर असलेल्या तुफो गावात एकोणिसाव्या शतकात गंधकाची खाण निघाली. लाल आल्यानिको पिकायला फार वेळ घेतो. इटलीत इतरत्र तोडणी उरकते तेव्हा इथे घड वेलीवरच असतात. ऑक्टोबर संपत येतो, कधी नोव्हेंबर उजाडतो, आणि एखाद्या वर्षी तोडणीच्या तोंडावर बर्फही पडतं. एवढं थांबून हाती येणारी वाईन सुरुवातीला तुरट आणि आंबट. ती मऊ व्हायला वर्षं जावी लागतात.

जुन्या बागांची बांधणी नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला पाहताक्षणी कळेल. वेल डोक्याच्या वर नेऊन चारही दिशांना ताणलेला, आणि खाली मोकळ्या जमिनीत धान्य नाहीतर भाजीपाला. द्राक्ष हे घरच्या अनेक पिकांपैकी एक होतं. म्हणूनच एखादं वर्ष वाया गेलं तरी वेल उपटायची घाई कुणी करत नसे.

या कुटुंबाची व्यापारी नोंद 1878 ची, आंजेलो मास्त्रोबेरार्दिनो यांच्या काळातली. काळ अनुकूल होता. फ्रान्सच्या बागा फिलॉक्सेरा या किडीने पोखरल्या होत्या आणि दक्षिण इटलीच्या गडद, कसदार वाईनला मागणी आली होती. 1879 मध्ये आव्हेल्लीनोला द्राक्षशेती आणि वाईननिर्मिती शिकवणारी सरकारी शाळा निघाली. पुढे आव्हेल्लीनो ते रोक्केत्ता सांत'आंतोनियो हा रेल्वेमार्ग झाला, 1895 मध्ये तो पूर्ण झाला आणि ताउराझीसारख्या गावांतली पिंपं मालगाडीत चढू लागली. यातला बराचसा माल दुसऱ्यांच्या वाईनला रंग आणि जोर यावा म्हणून मिसळला जायचा. बाटलीवर इर्पिनियाचं नाव येत नसे. पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ मला इथे दिसतं: ज्या मालाला स्वतःचं नाव नाही, त्याच्या जागी दुसरा माल आणायला फारसा विचार लागत नाही.

मग फिलॉक्सेरा इथेही पोहोचला, इटलीतल्या इतर भागांपेक्षा बराच उशिरा, दोन महायुद्धांच्या दरम्यान. मुळांवर जगणारा हा बारीक किडा. त्यावर उपाय एकच होता: अमेरिकन जातीच्या खुंटावर आपल्या वाणाचं कलम बांधायचं. आपल्याकडे डॉगरिज खुंटावर कलम बांधतात ते पाणी आणि क्षारांच्या अडचणीमुळे, पण तंत्र तेच. जिथे माती वाळूची किंवा राखेची होती तिथे किडा शिरू शकला नाही आणि काही म्हातारे वेल स्वतःच्या मुळांवर तगले. बाकी बागा नव्याने लावणं भाग होतं. त्यातच युद्ध आलं. सप्टेंबर 1943 मध्ये आव्हेल्लीनोवर दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी बॉम्ब टाकले, परदेशी बाजार तुटले, गावातली माणसं कामासाठी बाहेर पडू लागली.

युद्ध संपलं तेव्हा आंजेलो यांचे नातू अंतोनियो मास्त्रोबेरार्दिनो जेमतेम सतरा वर्षांचे होते. बागा पुन्हा उभ्या करायच्या, पण कोणत्या वाणाच्या? सरकारी सल्ला स्पष्ट होता: सांजोव्हेझे, बार्बेरा, त्रेब्बियानो लावा. भरपूर उत्पन्न, वेळेवर पिकणारं द्राक्ष, ठरलेलं गिऱ्हाईक. सल्ला देणाऱ्यांना दोष देता येणार नाही, कारण समोर भुकेलेली गावं होती आणि आल्यानिकोची वाईन विकायला काढायची तर काही वर्षं पैसे अडकून पडणार होते. फियानोची अवस्था तर आणखी वाईट होती. घड लहान, मणी लहान, रस थोडा. तो जवळजवळ नाहीसाच झाला होता. अंतोनियोंनी हेच तीन वाण धरले. विखुरलेल्या जुन्या बागांतून काड्या गोळा करून कलमं बांधायची, शेजारच्या शेतकऱ्यांकडून याच वाणांची द्राक्षं विकत घ्यायची, म्हणजे त्यांनाही वेल ठेवायला कारण मिळेल. श्रेय देताना या लहान शेतकऱ्यांना विसरणं मला बरोबर वाटत नाही. बांधावरचा वेल त्यांनी तोडला असता, तर काडी आणायची कुठून?

निर्णयाचं फळ दिसायला वीसेक वर्षं गेली. 1968 साली काढलेली ताउराझी रिझेर्व्हा, म्हणजे ताउराझी गावाचं नाव घेतलेली, जास्त मुरवलेली आल्यानिकोची वाईन, तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या द्राक्षांची वेगवेगळी भरली होती: कास्तेल्फ्रांची, मोन्तेमारानो आणि पियानो द'आंजेलो. तो हंगाम अजूनही या वायनरीच्या इतिहासातला मैलाचा दगड मानतात. दशकानुदशकं बाटलीत राहूनही ती टिकली, आणि दक्षिणेत फक्त मिसळण्याजोगी वाईन होते हा समज तिने मोडला. ताउराझीला 1970 मध्ये डीओसी (वाईनच्या मूळ प्रदेशाची सरकारी हमी देणारा दर्जा) आणि 1993 मध्ये डीओसीजी हा इटलीतला सर्वोच्च दर्जा मिळाला. दक्षिणेतल्या लाल वाईनला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. नियमानुसार तिच्यात किमान 85 टक्के आल्यानिको हवा आणि ती किमान तीन वर्षं मुरलेली हवी. फियानो आणि ग्रेको यांना तोच दर्जा 2003 मध्ये मिळाला.

मधल्या काळात दोन मोठे तडाखे बसले. 23 नोव्हेंबर 1980 चा भूकंप इर्पिनियातच झाला, जवळपास तीन हजार माणसं गेली, गावंच्या गावं कोसळली. काही वर्षांनी, 1986 च्या हंगामापासून, घराण्याने आपल्या मुख्य ताउराझीला ‘रादीची’ म्हणजे ‘मुळं’ हे नाव दिलं. दुसरा तडाखा घरातलाच. 1994 मध्ये भावांची वाटणी झाली. वायनरीचं नाव अंतोनियोंकडे राहिलं, बागांचा मोठा हिस्सा वाल्तेर आणि त्यांच्या मुलांकडे गेला आणि त्यांनी तेर्रेदोरा नावाने वेगळी वायनरी चालवली. दोन्ही घरांनी देशी वाण मात्र सोडले नाहीत.

1996 पासून व्हेसुव्हियसच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या प्राचीन शहरात जे काम झालं ते या सगळ्यात मला सर्वांत सुंदर वाटतं. इ. स. 79 च्या उद्रेकात वेल राखेखाली गाडले गेले, मुळं कुजली आणि घट्ट झालेल्या राखेत त्यांच्या आकाराच्या पोकळ्या उरल्या. अमेरिकन संशोधक विल्हेल्मिना जाशेम्स्की यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या रिकाम्या करून त्यात सिमेंट ओतलं आणि मुळांचे साचे बाहेर काढले. एकाच बागेत अशा दोन हजारांहून अधिक खुणा सापडल्या. वेल कुठे होता, त्याला खांब कुठे होता, दोन वेलींत अंतर किती, सगळं कळलं. त्या आराखड्यावर मास्त्रोबेरार्दिनोंनी पुरातत्त्व विभागाबरोबर चेस्टनटच्या खांबांना धरून पियेदिरोस्सो आणि शाशिनोसो हे स्थानिक वाण लावले. 2001 मध्ये पहिली तोडणी झाली. ‘व्हिला देई मिस्तेरी’ नावाच्या त्या वाईनच्या सुमारे सतराशे बाटल्या निघाल्या.

अंतोनियो 2014 च्या जानेवारीत गेले. कारभार त्यांचे पुत्र पिएरो पाहतात. दरम्यान व्यवहाराची बाजूही पालटली आहे. उन्हाळे तापत चालल्यामुळे उशिरा पिकणारा, आम्लता धरून ठेवणारा वाण आता सगळ्यांना हवा आहे, आणि ऑस्ट्रेलियाच्या उष्ण भागांतले बागायतदार फियानो लावताहेत. आपल्याकडे अकलूजच्या फ्रातेल्लीने इटालियन भागीदारांबरोबर सांजोव्हेझे रुजवला. सोलापूरच्या उन्हाला आल्यानिको मानवेल का, हे मात्र कलम बांधून बघितल्याशिवाय कळणार नाही.